लोणारी कोळसा : एका काळ्या शब्दाचा इतिहास

गेल्या वर्षी आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात मुलांची प्रश्नमंजुषा झाली. प्रश्न काढण्याचे काम आमच्याकडे होते. त्यात एक सोपा प्रश्न घातला होता : ‘चारकोल’ला मराठीत काय म्हणतात? एका मुलाने उत्तर दिले, “कोयला.” दुसऱ्या संघातली मुलगी म्हणाली, “ते तोंडाला लावायचं काळं असतं ना, ते.” सभागृहात हशा पिकला. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक वयस्क आजी बसल्या जागेवरून म्हणाल्या, “अरे, लोणारी कोळसा म्हणा!” गुण कोणत्याच संघाला मिळाले नाहीत आणि कार्यक्रम पुढे गेला.

घरी परतताना आमच्या मुलीने विचारले, “बाबा, कोळसा कळला. पण लोणारी म्हणजे काय?” आम्हाला धड सांगता आले नाही. आम्ही राज्य सरकारच्या बांधकाम खात्यात नोकरी करतो. पदविका स्थापत्याची, त्यामुळे चुना, सिमेंट, लोखंड, डांबर यांच्याशी रोजचा संबंध. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली जाते. तरीही आजीच्या तोंडी रोज असलेल्या शब्दाचा अर्थ आम्हाला ठाऊक नव्हता, ही गोष्ट मनाला लागून राहिली. वर्षभर सवड मिळेल तसे वाचत गेलो, वडीलधाऱ्यांना विचारत गेलो. त्यातून जे हाती आले ते स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवत आहोत.

आधी वस्तू पाहू

लाकूड उघड्यावर पेटवले की त्याची राख होते. तेच लाकूड हवा कोंडून तापवले की त्यातले पाणी, धूर आणि डांबरासारखे पदार्थ निघून जातात आणि मागे जवळजवळ निव्वळ कार्बन उरतो. तोच कोळसा. म्हणजे कोळसा हे अर्धवट जळालेले लाकूड खरे, पण ते मुद्दाम, मापाने आणि योग्य वेळी थांबवून अर्धवट जाळलेले असते.

गावाकडची भट्टी अशी असते : ओंडके एकमेकांना टेकवून ढीग रचायचा, त्यावर गवत-पालापाचोळा पसरायचा आणि वरून ओल्या मातीचा जाड थर द्यायचा. बुडाशी हवेपुरती भोके ठेवायची. आग लावली की पहिल्यांदा पांढरा दाट धूर येतो. ती बहुतेक लाकडातल्या पाण्याची वाफ असते. धूर विरळ होऊन निळसर दिसू लागला की आतले काम झाले असे समजायचे आणि सगळी भोके बुजवून टाकायची. मग भट्टी निवेपर्यंत वाट पाहायची. या सगळ्या दिवसांत कुणीतरी रात्रंदिवस राखण करावी लागते. मातीला कुठे भेग पडली आणि हवा आत शिरली, तर मेहनतीची राख होते. घाईने उघडली, तरीही आतले निखारे हवा मिळताच भडकतात.

हिशेब पाहिला तर हा धंदा वरवर तोट्याचा दिसतो. मातीच्या भट्टीत साधारण पाच किलो लाकडाचा एक किलो कोळसा मिळतो. किलोला किलो धरले तर कोळशात लाकडाच्या जवळपास दुप्पट उष्णता असते. म्हणजे लाकडातली निम्म्याहून जास्त उष्णता भट्टीतच खर्ची पडते. तरीही माणसाने हजारो वर्षे कोळसा केला, कारण तो हलका, धूर न करणारा, न किडणारा आणि लाकडापेक्षा फार प्रखर जळणारा. जंगलातून शहरात बैलगाडीने न्यायला लाकडापेक्षा तो परवडे. आणि ज्या कामाला लाकडाची आग पुरत नाही, ते काम कोळसा करी.

शब्दांची नाती

संस्कृतात निखाऱ्याला आणि कोळशाला ‘अंगार’ हा जुना शब्द आहे. प्राकृतात त्याचे ‘इंगाल’ झाले आणि मराठीत ‘इंगळ’. पायाखाली इंगळ आला म्हणणारी माणसे अजून खेड्यांत भेटतात. देवापुढच्या धुपाची जी राख आपण कपाळाला लावतो तो ‘अंगारा’ याच घरातला. आणि गणेशभक्तांना सर्वांत जवळचा शब्द म्हणजे ‘अंगारकी’. निखाऱ्यासारखा लाल दिसणारा ग्रह मंगळ, म्हणून त्याचे नाव अंगारक. पुराणातील कथेप्रमाणे भूमीच्या या पुत्राने गणेशाची आराधना केली, आणि मंगळवारी येणारी चतुर्थी त्याच्या नावाने ओळखली जाईल असा वर मिळवला. अंगारकीचा उपास करणारे आपण सगळेच, नकळत, निखाऱ्याचे नाव घेत असतो.

‘कोळसा’ची वाट वेगळी आहे. प्राकृतात लाकडाच्या कोळशाला ‘कोइला’ म्हणत. त्याचेच हिंदीत कोयला झाले. शेजारच्या गुजरातीत ‘कोलसो’ आहे आणि आपल्याकडे ‘कोळसा’. संस्कृत कोशांत ‘कोकिल’ या शब्दाचा एक अर्थ पेटता कोळसा असाही दिलेला आहे. काळ्या रंगामुळे पक्षी आणि कोळसा यांचे नाव एक झाले असेल असे सहज मनात येते.

आता मूळ प्रश्न. नुसता ‘कोळसा’ म्हटले की पूर्वी लाकडाचाच कोळसा समजत, कारण दुसरा माहीतच नव्हता. बंगालमध्ये राणीगंज भागात १७७४ मध्ये इंग्रजांनी खाणीतून कोळसा काढायला सुरुवात केली. पुढे आगगाडी आली, गिरण्या आल्या आणि तो कोळसा देशभर पोचला. जमिनीतून निघालेल्या या नव्या वस्तूला मराठी माणसाने जुनेच नाव दिले, पण त्यामागे विशेषण लावले : दगडी कोळसा. हिंदीनेही ‘पत्थर का कोयला’ म्हटले. जर्मन भाषेतही दगडाचा कोळसा आणि लाकडाचा कोळसा अशाच अर्थाचे दोन शब्द आहेत. इंग्रजीत तर ‘कोल’ हा शब्द आधी पेटत्या निखाऱ्याचा आणि लाकडाच्या कोळशाचा होता. खाणीतला कोळसा वापरात आला तेव्हा तो समुद्रमार्गे लंडनला येई म्हणून त्याला ‘सी-कोल’ म्हणत. हळूहळू खाणीच्या कोळशाने नुसते ‘कोल’ हे नाव बळकावले आणि लाकडाच्या कोळशाला ‘चारकोल’ हे जोडनाव घेऊन राहावे लागले. भाजून काळे करणे या अर्थाचे इंग्रजी क्रियापद ‘चार’ हे त्या ‘चारकोल’मधूनच मागाहून निघाले.

मराठीतही पुढे तेच झाले. दगडी कोळसा घरोघर पोचला आणि जुन्या कोळशाला वेगळे विशेषण लागू लागले. हिंदीने ‘लकड़ी का’ म्हणून भागवले. मराठीने मात्र तो कशापासून होतो हे न सांगता तो कोण करतो हे सांगितले : लोणारी कोळसा.

लोणारी ही महाराष्ट्रातील एक कष्टकरी जमात. लोण म्हणजे मीठ. संस्कृत ‘लवण’ त्याच्या मुळाशी. मीठ करणे, चुन्याच्या भट्ट्या लावणे आणि कोळसा पाडणे हे त्यांचे परंपरागत धंदे. तिन्ही कामे आगीजवळची नाहीतर उन्हातली. आम्ही जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामे पाहिली आहेत. दोन-दोन शतके उभ्या असलेल्या वाड्यांच्या भिंतींतला चुना ज्या भट्ट्यांतून निघाला, त्या लावणाऱ्या हातांचे नाव कुठल्याही कोनशिलेवर नसते. कोळशाच्या नावात मात्र ते राहून गेले आहे. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर इतके साधे होते.

किती जुना धंदा?

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात जंगलातून मिळणाऱ्या मालाची जी यादी आहे, तीत लाकूड, वेत, साली, कातडी यांच्याबरोबर अंगारही आहे. म्हणजे राज्याच्या भांडारात कोळशाची नोंद होत असे. जैन आगमांत श्रावकाने करू नयेत असे पंधरा धंदे सांगितले आहेत, त्यांतला पहिलाच ‘इंगालकम्म’, म्हणजे कोळसा पाडणे. झाड तोडणे आणि आग लावणे या दोन्हींत जीवहत्या होते हा त्यामागचा विचार. ज्या धंद्याची मनाई करावी लागते तो धंदा समाजात चांगला रुळलेला असला पाहिजे, एवढे त्यातून नक्की कळते.

याहून जुना पुरावा आपल्या इंदूरकरांच्या अगदी जवळ आहे. अहिल्याबाईंच्या महेश्वरासमोर, नर्मदेच्या पलीकडच्या तीरावर नावडातोली आहे. १९५२-५३ मध्ये आणि पुन्हा १९५७ ते १९५९ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली तेथे उत्खनन झाले. ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची घरे, रंगीत मातीची भांडी आणि जळून काळे पडलेले धान्य तेथे सापडले. ही वस्ती किती जुनी हे ठरवायला उपयोगी पडला तो कोळसाच. अमेरिकन शास्त्रज्ञ विलार्ड लिबी यांनी १९४९ च्या सुमारास कार्बन-१४ ची पद्धत सिद्ध केली होती. झाड जिवंत असते तोवर त्यात कार्बन-१४ ठराविक प्रमाणात असतो. झाड मेले की तो घटू लागतो आणि ५,७३० वर्षांत निम्मा होतो. कोळसा मातीत कुजत नाही, त्यामुळे हजारो वर्षांनीही त्यातला उरलेला भाग मोजता येतो. या मोजणीने नावडातोलीची वस्ती इ. स. पूर्व दुसऱ्या सहस्रकातली ठरली. कुणाच्या तरी चुलीत किंवा जळालेल्या घरात उरलेल्या काळ्या तुकड्यांनी साडेतीन हजार वर्षांपूर्वीची साक्ष दिली.

लोखंड, दारू आणि सोने

कोळशाचे सर्वांत मोठे काम धातूचे. लोहखनिजात लोखंड प्राणवायूला धरून बसलेले असते. भट्टीत कोळसा अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. तो खनिजातला प्राणवायू ओढून घेतो आणि लोखंड मोकळे होते. म्हणजे कोळसा येथे उष्णताही देतो आणि रासायनिक कामही करतो. आपल्या देशातल्या गावोगावच्या लोहारांनी आणि मध्य भारतातल्या आगरियांसारख्या जमातींनी शतकानुशतके असेच लोखंड गाळले.

तोफा-बंदुकांच्या दारूतही तीनच जिन्नस : सोरा, गंधक आणि कोळसा. साधारण शंभर भागांत पंचाहत्तर सोरा, पंधरा कोळसा आणि दहा गंधक असे प्रमाण पुढे रूढ झाले. त्यासाठी जड लाकडाचा कोळसा चालत नाही, हलका लागतो. आपल्याकडे तुरीच्या काड्यांचा कोळसा त्या कामी नावाजलेला होता. मराठ्यांच्या तोफांच्या पराक्रमाविषयी आपण अभिमानाने बोलतो. त्या प्रत्येक बाराच्या मागे कुणीतरी शेताच्या कडेला तुरीच्या काड्या जाळीत बसलेला होता.

आणि शांततेच्या काळातली कामे तर मोजता येणार नाहीत. सोनाराच्या शेगडीत तोच कोळसा, लोहाराच्या भात्यापुढे तोच. कल्हईवाला दारात येई, जमिनीत खळगा करून भाता जोडी, आणि तापलेल्या पातेल्यात नवसागराचा धूर उठला की आम्ही पोरे गोल करून उभी राहात असू. धोब्याच्या पितळी इस्त्रीतले लाल निखारे जाळीतून दिसत. आमच्याच इंदूरच्या भूमीत द. दा. देवळालीकरांनी १९२७ मध्ये चित्रकलेचे विद्यालय उभारले आणि नारायण श्रीधर बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन असे विद्यार्थी घडवले. चित्रकलेचा विद्यार्थी जगात कुठेही असो, त्याच्या हाती सुरुवातीला येणाऱ्या साधनांत कोळशाची कांडी असतेच. चुकले तर बोटाने पुसता येते, हा तिचा मोठा गुण.

बडवाहची भट्टी

आता एक अशी हकिकत सांगतो, जी आम्हाला या शोधातच कळली. इंदूरहून खांडव्याच्या रस्त्याने साठेक किलोमीटरवर, नर्मदेच्या अलीकडे बडवाह आहे. ओंकारेश्वरला जाताना आपण सगळेच तेथे चहाला थांबतो. आम्ही तर नोकरीनिमित्त त्या रस्त्याने किती वेळा गेलो याची गणती नाही. पण तेथे १८६० च्या दशकात लोखंडाचा आधुनिक कारखाना उभा राहात होता, हे कुणी कधी सांगितले नव्हते.

तेव्हा बडवाह इंग्रजांच्या ताब्यातील निमाडात होते. होळकरांकडे ते काही वर्षांनी आले. आसपास लोहखनिज होते, जंगल होते, नदी होती. निमाडचे इंग्रज अधिकारी कर्नल कीटिंग यांनी येथे लोखंड गाळण्याची कल्पना उचलून धरली. अडचण एकच होती : जवळपास दगडी कोळसा नव्हता, होता तो फक्त लाकडाचा. इंग्लंडमध्ये १७०९ मध्ये अब्राहम डार्बीने दगडी कोळशापासून केलेल्या कोकवर लोखंड गाळून दाखवले होते, आणि तेव्हापासून इंग्रज कारागीर हळूहळू लाकडी कोळशाची विद्या विसरत गेले होते. ती विद्या अजून जिवंत होती स्वीडनमध्ये. म्हणून १८६० नंतर स्वीडनहून तंत्रज्ञ बोलावले गेले. बडवाहचे काम निल्स मितांदर या तरुण अभियंत्याकडे आले, आणि त्याचे दोन देशबांधव कुमाऊँच्या डोंगरात अशाच कामावर गेले.

थंडीच्या देशातून आलेला हा माणूस निमाडच्या उन्हात भट्टी बांधत राहिला. पण नियमित उत्पादनापर्यंत गोष्ट पोचलीच नाही. १८६४ मध्ये सरकारने हात आखडता घेतला आणि काम थांबले. पुढे तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी खांडवा-इंदूर रेल्वेसाठी एक कोटी रुपयांचे कर्ज दिले आणि १८७० च्या दशकात होळकर स्टेट रेल्वे धावू लागली. तिचा मार्ग बडवाहवरूनच गेला. ज्या गावात देशी लोखंड व्हायचे होते, त्या गावातून इंग्लंडच्या रुळांवरून गाडी जाऊ लागली.

लाकडी कोळशावर मोठा कारखाना चालूच शकत नव्हता असे मात्र नाही. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेले आणि मुंबई इलाख्यात नोकरी केलेले सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या पुढाकाराने म्हैसूर संस्थानात भद्रावतीचा कारखाना १९२३ मध्ये सुरू झाला, तो लाकडी कोळशावरच. तेथे लाकूड बंद भांड्यांत तापवून कोळशाबरोबर निघणारे इतर पदार्थही मिळवले जात. आमच्यासारख्या पदविकाधारकाला यातून एक गोष्ट समजते. बडवाहला विद्या होती, माल होता, माणूस होता. निर्णय घेणाऱ्याला ते आपले काम वाटत नव्हते.

शेगडीची आग

आमची आजी रामबागेतल्या घरात शेगडीवर स्वयंपाक करी. लाकडाच्या टालीवर कोळसा आणायला गेले की तिचा पहिला प्रश्न असे, “लोणारी आहे ना?” दगडी कोळसा धुराचा, वासाचा, तो देवाच्या नैवेद्याला तिला चालत नसे. स्वयंपाक आटोपला की उरलेले निखारे ती डब्यात टाकून झाकण लावी. ते विझत आणि उद्याला उपयोगी पडत. तळाचा चुरा फेकायचा नाही. शेण-मातीत कालवून त्याचे गोळे वळायचे आणि गच्चीवर वाळवायचे. निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचे भरीत आणि भुट्टे यांची चव गॅसला नाही, हे आमच्या पिढीला तरी पटते.

आजीच्या आठवणींत कोळशावर चालणारी मोटारही होती. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले तेव्हा देशभर बसगाड्यांना लोखंडी भट्ट्या जोडल्या गेल्या. भट्टीत कोळसा अर्धवट जाळायचा, निघालेला वायू गाळून इंजिनाला द्यायचा. गाडी सुरू व्हायला वेळ लागे आणि चढावर तिला दम लागे, पण ती चालत असे. हा वायू म्हणजे तोच कार्बन मोनॉक्साइड, जो खनिजातून लोखंड सोडवतो.

आणि तोच वायू माणूस मारतो, हे येथे लिहिणे आम्हाला कर्तव्य वाटते. नोकरीच्या सुरुवातीला डिसेंबरच्या एका रात्री, आडगावच्या विश्रामगृहात थंडी वाजते म्हणून आम्ही पेटती शेगडी खोलीत घेतली आणि दारे-खिडक्या लावून झोपलो. पहाटे जाग आली तेव्हा डोके फुटत होते आणि पाय उचलत नव्हते. कसेबसे दार गाठले म्हणून हा लेख लिहीत आहोत. या वायूला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही असे कुणीही समजू नये. दरवर्षी थंडीत अशा बातम्या येतात. घरी कुणी शेगडी वापरत असेल तर खिडकी उघडी ठेवा, झोपताना ती बाहेर काढा.

भट्टीवरची माणसे

लोणाऱ्यांचे नाव शब्दात राहिले, पण कोळसा पाडणारे ते एकटे नव्हते. रायगड-ठाण्याच्या डोंगरांतले कातकरी हा दुसरा मोठा समाज. खैराच्या लाकडाचा कात काढणारे म्हणून कातकरी. जंगलावर सरकारी कायदे आले आणि त्यांचे जगणेच बदलले. १९२७ चा भारतीय वन कायदा आमच्या खात्यातही कामानिमित्त उघडावा लागतो. त्यात वनोपज म्हणजे काय याची व्याख्या आहे. तिच्यात इमारती लाकडानंतर दुसराच शब्द ‘कोळसा’, आणि पुढे लगेच कातही आहे. ज्या दोन वस्तूंवर एका समाजाचे पोट, त्या दोन्ही त्या यादीत. जंगल परक्याचे झाले आणि कातकरी ठेकेदाराच्या भट्टीवर मजूर झाले. पावसाळ्यात धान्यासाठी उचल घ्यायची आणि ती फेडायला हिवाळा-उन्हाळाभर सगळे कुटुंब भट्टीवर न्यायचे, अशी ही रीत. उचल फिटत नसे. मुले शाळेऐवजी भट्टीवरच वाढत.

आम्ही हे लहानपणी डोळ्यांनी पाहिले आहे. सुटीत रायगडकडे मामांकडे गेलो होतो. रानात एक भट्टी फुटत होती. आमच्याच वयाचा एक मुलगा टोपलीतून कोळसे बाहेर काढत होता. डोळे आणि दात सोडले तर सगळा काळा. आम्ही मामेभावंडे हसलो आणि “ए कोळसा!” म्हणून हाक मारली. तो क्षणभर थांबला, आमच्याकडे पाहिले आणि टोपली उचलून गेला. घरी हे आम्ही मोठ्या मजेने सांगितले. आजी तेथेच होती. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, “त्याच्या टोपलीतलाच आपल्या शेगडीत येतो.” तेव्हा ते कळले नाही. आज आमची मुलगी त्या वयाची आहे.

‘कोळसा उगाळावा तितका काळाच’ ही म्हण आपण वाईट माणसाला लावतो, आणि काळ्या रंगाच्या मुलांना ‘कोळसा’ म्हणून चिडवणे आपल्या घरांतून अजून गेलेले नाही. ज्या वस्तूने पिढ्यान्‌पिढ्या आपले अन्न शिजवले, सोने घडवले, तोफा डागल्या, तिचे नाव आपण शिवीसारखे वापरतो. शब्दाचा इतिहास कळला की निदान एवढी जीभ तरी आवरावी, असे आम्हाला वाटते.

आजचा कोळसा

घरोघर गॅस आला आणि टाली बंद पडल्या. हे चांगलेच झाले. जंगलही थोडे वाचले आणि बायकांचे डोळेही. पण कोळसा गेलेला नाही. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रात, विषबाधेवरच्या औषधात खास प्रक्रिया केलेला सच्छिद्र कोळसा असतो. त्या सूक्ष्म छिद्रांत नको ते पदार्थ धरून ठेवण्याची त्याची ताकद मोठी. हॉटेलांच्या तंदुरीत तो आहे. तोंडाला लावायच्या लेपातही आहे, म्हणजे त्या मुलीचे उत्तर अगदीच चुकीचे नव्हते. कच्छकडे आणि इतरत्र वेड्या बाभळीपासून आजही भट्ट्यांवर कोळसा पाडला जातो, आणि तेथेही भट्टीजवळ माणसे बसलेली असतातच.

आपण महाराष्ट्राबाहेर राहणारी मराठी माणसे. हिंदी आपल्याला परकी नाही, तिच्यातच आपण बाजारहाट करतो आणि नोकरी करतो. मुलांनी कोयला म्हटले म्हणून बिघडत नाही. पण ‘लोणारी कोळसा’ म्हटले की त्यात तो करणारा माणूस येतो, तो कोयल्यात येत नाही आणि चारकोलमध्येही येत नाही. असे शब्द घरातल्या म्हाताऱ्या माणसांबरोबर निघून जातात. मागच्या रांगेतल्या त्या आजींना आम्ही यंदाच्या प्रश्नमंजुषेला पुढच्या रांगेत बसवणार आहोत. आपल्या घरी असे शब्द असतील तर ते लिहून मंडळाच्या कार्यालयात द्यावेत, पुढच्या वर्षीचे प्रश्न त्यांतूनच काढू.

आणि यंदा आरतीच्या वेळी धुपाटण्यातल्या निखाऱ्यावर ऊद पडेल, धूर उठेल आणि अंगारा कपाळाला लागेल, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या मुलाला सांगा, की हा लोणारी कोळसा आहे, आणि तो कुणीतरी रात्र जागून केलेला आहे.

गणपती बाप्पा मोरया!